कौलावर १८६५ आहे, म्हणजे बंगला १८६५चा?

आत्याचा_भाचा: माथेरानला आत्याच्या सासरचा जांभ्याचा बंगला आहे. पावसाआधी कौलं चाळायला काढली, तर एकाच्या पोटावर 'बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५' असं उठलेलं. आत्या हरखलीय, दारावर १८६५ची पाटी लावायची म्हणते. लावू द्यावी का? आणि व्हरांड्याच्या भिंतीचं प्लास्टर दरवर्षी पापुद्रे धरून सुटतं. गवंडी म्हणतो, सिमेंट आणखी जाड मारू.

चुन्याची_घाणी: पाटी थांबवा. १८६५ हे मंगळूरला कारखाना सुरू झाला ते साल. ते साच्यातच कोरलेलं, त्यामुळे नंतरच्या कौलांवरही तेच उठत राहिलं. पहिल्या महायुद्धानंतर कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, त्यांच्याही कौलांवर १८६५च! एक माझ्याकडे आहे, चिमण्यांना पाणी ठेवतो त्यात.

गवंड्याला मात्र आधी आवरा. जांभा खाणीतून निघतो तेव्हा कुऱ्हाडीने तासता येतो, हवा लागली की टणक होतो. पण भोकं भोकंच राहतात, पावसाळाभर भिंत पाणी पिते. चुन्याचा गिलावा ते पाणी हळूहळू बाहेर सोडतो. सिमेंट ते कोंडतं, मग सुटतं आणि जाताना दगडाचा पापुद्राही घेऊन जातं.

जुनी_वास्तू: कौलं नंतरची असली तरी भिंती आधीच्या असू शकतात बरं का. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली डोंगर चढले, त्यानंतर इथे साहेबांचे बंगले उभे राहू लागले. मंगळुरी कौल तेव्हा कुठलं! माळ्यावर चढून दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंती आतून बघा. गवती छपराला उतार जास्त लागतो, त्यामुळे छप्पर बदललं असेल तर जुन्या उताराची रेघ कधी कधी राहते. लोखंडी तुळई दिसली तर तिच्यावरचं नावही वाचा. 'डॉर्मन लाँग' असेल तर ती तुळई १८७५च्या आधीची नाही, कंपनीच तेव्हाची.

आत्याचा_भाचा: चढलो. तुळया सगळ्या सागाच्या. पण पश्चिमेच्या भिंतीवर आताच्या छपराखाली तिरकी काळपट रेघ आहे, तिच्यावरचं बांधकाम विटांचं! व्हरांड्यात सिमेंट खरवडलं, तर खाली गुलाबीसर गिलावा.

चुन्याची_घाणी: गुलाबी म्हणजे सुरखी, विटांची पूड घातलेला चुना. तोच परत करून घ्या. सिमेंट चिमूटभरही नको.

आत्याचा_भाचा: आत्याला रेघ दाखवली. म्हणाली, "मग पाटीवर १८५० लिहू?"