मदत हवी आहे: बॅडमिंटन हॉलचे तासाचे दर किती वाढवावेत?

किल्लीदार
नमस्कार मंडळी. लोकांनीच उभी केलेली आमची विश्वस्त संस्था एक क्रीडासंकुल चालवते: तलाव, चार कोर्टांचा हॉल आणि कृत्रिम गवताचं एक मैदान. सलग दुसऱ्या वर्षी तूट आली आहे. सोमवारी विश्वस्तांची बैठक आहे, तिथे हॉलच्या दरवाढीचा प्रस्ताव ठेवायचाय. १५ टक्के ठेवू की २०? संध्याकाळी हॉल फुल्ल असतो, त्यामुळे मागणीचा प्रश्न नाही. कृपया आकडा सांगा, वेळ कमी आहे.

हिशोबवही
एवढ्यावरून आकडा कोणीच सांगू शकणार नाही. इमारत कोणाची आहे? भाडेकराराची किती वर्षं उरलीत? छत, यंत्रं, फ्लोअर यांची डागडुजी कोणाच्या गळ्यात?

आणि ‘फुल्ल’ म्हणजे नेमकं काय? नोंदवलेले तास, पैसे आलेले तास आणि प्रत्यक्ष खेळलेले तास हे तीन वेगळे आकडे आहेत. चार कोर्ट रोज १५ तास धरले तर आठवड्याला ४२० कोर्ट-तास होतात. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ५ ते १० हे त्यातले फक्त १००. तुम्ही त्या १०० कडे बघून फुल्ल म्हणताय. उरलेले ३२० रिकामे असतील तर सरसकट दरवाढीने ते आणखी रिकामे होतील.

शटल_सरळ
दर वाढवणार असाल तर आधी जाळी मोजा. खांबापाशी १.५५ मीटर, मध्यभागी १.५२४ मीटर. खांब दुहेरीच्या बाजूच्या रेषेवर हवेत, एकेरी खेळत असलात तरीही. बहुतेक हॉलमध्ये मधला पट्टा सैल पडून जाळी तीन-चार सेंटीमीटर खाली आलेली असते.

किल्लीदार
जाळी ठीक आहे हो.

हिशोबवही, इमारत स्थानिक प्रशासनाची, करार २५ वर्षांचा, त्यातली ९ उरलीत. सगळी डागडुजी आमच्याकडे. संध्याकाळच्या १०० तासांपैकी ६४ तास दोन क्लबांकडे कायमचे, सवलतीच्या दरात. खर्चात मोठी वाढ वीज आणि पाणी या दोनच ओळींत आहे, ते का ते कळत नाही. उलट काटकसर म्हणून आम्ही तलावाच्या दालनातली हवा २४ अंशांवर आणली आणि बाहेर हवा फेकणारा पंखा रात्री बंद ठेवतो. शिवाय तलावाकडच्या दारापाशी हॉलच्या लाकडी फळ्यांच्या कडा उचलल्यात. घासून पॉलिश करायला माणूस ठरवलाय, त्यालाही पैसे हवेत. म्हणून दर विचारतोय.

फळी_रंधा
पॉलिशवाल्याला आजच थांबवा, हात जोडून सांगतो. फळीच्या दोन्ही कडा वर आणि मध्ये खोलगट, म्हणजे फळीची खालची बाजू वरच्यापेक्षा जास्त ओली आहे. लवचीक फ्लोअरखाली पोकळी असते, तिच्यात दमट हवा शिरली की असंच होतं. आत्ता कडा घासून सपाट केल्यात आणि पुढे लाकूड वाळलं, की त्याच कडा खाली बसतील आणि प्रत्येक फळीला मध्ये उंचवटा येईल. मग सगळं फ्लोअर पुन्हा घासावं लागतं, आणि फळीची जाडी तर दर घासणीला कमीच होत जाते.

ओलावा मोजायचं साधं पिनांचं यंत्र मिळतं. दारापासच्या चार फळ्या आणि हॉलच्या पार दुसऱ्या टोकाच्या चार फळ्या मोजा, रोज एकाच वेळी, दोन आठवडे. दोन्हींतला फरक कमी होऊन स्थिर झाल्याशिवाय पॉलिश कागद लावायचा नाही. तोवर तिथे ओला पोछाही बंद, फक्त कोरडा मॉप.

तळनिळा
फळ्या आणि बिल, दोन्हींचं मूळ एकच दिसतंय. पाणी किती अंशांवर आहे? पूल काठोकाठ भरून वाहणारा आहे की स्किमरवाला (भिंतीतल्या खाचांतून पाणी ओढणारा)? आकार काय? रोज किती जण पोहतात? बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं) कधी करता? दालनात क्लोरीनचा वास येतो का?

किल्लीदार
मी तलावाबद्दल विचारलेलं नाही. पण घ्या: २५ बाय १२.५ मीटर, खोली १.१ ते १.८. पाणी २८ अंश. काठावरून पाणी वाहून बॅलन्स टँकमध्ये (ते साठवणाऱ्या टाकीत) जातं, टँकला पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह आहे. रोज सरासरी १८० जण. दोन वाळूचे फिल्टर, प्रत्येकी १.८ मीटर व्यासाचे, दोन्हींचा बॅकवॉश रोज सकाळी, तिथल्या पाटीवर तसंच लिहिलंय. वास येतो, आणि अलीकडे बॅडमिंटन हॉलमध्येही येतो.

तळनिळा
हॉलमध्ये वास येतो याचा अर्थ तलावावरची हवा तिकडे चाललीय. तो पंखा नुसता वास घालवायला नसतो. त्याच्यामुळे तलावाच्या दालनातला दाब शेजारच्या खोल्यांपेक्षा किंचित कमी राहतो, म्हणजे दार उघडलं की हवा तलावाकडे जाते, तलावाकडून बाहेर येत नाही. पंखा बंद केलात आणि हवा उलटी फिरली. दाराच्या फटीजवळ टिश्यूची पट्टी धरा, कुठे झुकते ते दिसेल.

दुसरं, पाणी २८ आणि हवा २४ हे उलटं गणित आहे. हवा पाण्यापेक्षा साधारण एक अंश गरम ठेवायची असते. ती थंड झाली की पाण्याची वाफ वाढते, आणि एक लिटर पाणी वाफ होताना जवळजवळ ०.६८ युनिट उष्णता तलावातून उचलून नेते. म्हणजे हवेवर वाचवलेलं तुम्ही पाण्याच्या हीटरला परत देताय. वर ती वाफ छताच्या लोखंडावर पाणी होऊन बसते. डागडुजी तुमच्याकडे असल्यामुळे छतही तुमचंच. हवा २९, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास, पंखा चोवीस तास (रात्री कमी वेगावर चालेल), आणि रात्री पाण्यावर आच्छादन.

मीठपाणी
मिठाचं क्लोरिनेटर बसवा, वास जाईल. क्लोरीनचे डबे उचलायला नकोत, साठवायला नकोत, पाणी डोळ्यांना मऊ लागतं.

तळनिळा
मीठपाणी, तो वास क्लोरीन जास्त झाल्याचा नाही. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी क्लोरीन जोडला गेला की क्लोरामाइन होतं, वास त्याचा. मिठाच्या यंत्रातून शेवटी क्लोरीनच निघतो, त्यामुळे घाम तेवढाच असेल तर वासही तेवढाच. त्यांचं पाणी साधारण ४५० घनमीटर भरतं. ३,५०० पीपीएम (दहा लाख भागांत ३,५०० भाग) या प्रमाणासाठी दीड टनाहून जास्त मीठ लागेल, आणि दाराच्या बिजागऱ्या, शिड्या, हीटरची नळी हे सगळं आधी तपासावं लागेल. तूट असताना हा खर्च नको.

मीठपाणी
गंजाचं मान्य. पण द्रव हायपोक्लोराइट (डब्यातला पातळ क्लोरीन, म्हणजे हायपो) उन्हात किंवा गरम खोलीत ठेवलं की त्याची ताकद उतरते, मग माणूस अंदाजाने जास्त ओततो, तेही मोजा की. शिवाय डबे बदलताना अॅसिड आणि हायपो एकत्र आले तर विषारी वायू तयार होतो. हा धोका आमच्या पद्धतीत बराच कमी होतो.

तळनिळा
साठवणीचं म्हणणं खरं आहे. किल्लीदार, तुमच्याकडे हायपो आहे की गोळ्या? ट्रायक्लोरच्या गोळ्या असतील तर प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम, क्लोरीनचा जोर दाबणारं, सायन्युरिक अॅसिड पाण्यात साचतं, आणि ते ताजं पाणी घातल्याशिवाय कमी होत नाही. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एका डब्यात, एका डोसरमध्ये (रसायन सोडणाऱ्या यंत्रात), एका मापाने कधीही नाही. आग लागते, स्फोट होतो.

गोलरक्षक
मैदानाकडे कोणीच बघत नाहीये म्हणून लिहितो. हलवता येणारे गोलपोस्ट मागून वजनाने किंवा खुंटीने बांधलेत का? पोरं आडव्या दांड्याला लोंबकळतात आणि पोस्ट पुढे कोसळतो, त्यात जीव गेलेत. वापरात नसतील तेव्हा साखळी घालून कुंपणाला लावा. आणि रबराचे दाणे पेनल्टीच्या ठिपक्यापाशी व गोलसमोर कमी होतात, तिथे भर घाला. दहा तास खेळ झाला की एक तास ब्रश-देखभाल, असं धरून माणूस नेमा. गवताची पाती एकदा आडवी झाली की गालिचा वेळेआधीच बदलावा लागतो.

किल्लीदार
पोस्ट बांधलेले आहेत, साखळी उद्या लावतो. क्लोरीन द्रव हायपोच आहे. टिश्यू हॉलच्या बाजूला झुकला. पंखा चालू केला, हवा हळूहळू वर नेतोय. पण पाण्याचं बिल? वाफेने एवढं वाढेल?

तळनिळा
नाही. तुमच्या पद्धतीच्या तलावात गळती काठावर दिसतच नाही. पाणी कमी झालं की टँक उतरतो, फ्लोट व्हॉल्व्ह गुपचूप भरून टाकतो. आज रात्री शेवटचा पोहणारा गेल्यावर, काठावरून पाणी वाहणं स्थिरावलं की भरणीचा व्हॉल्व्ह बंद करा. टँकमध्ये पातळीची खूण करा. तलावाच्या पायरीवर एक बादली ठेवा, आतलं पाणी बाहेरच्या एवढंच, आत खूण. पंप चालू ठेवा. सकाळी बॅकवॉशच्या आधी दोन्ही मोजा. बादली जेवढी उतरेल ती वाफ. तुमच्याकडे १ मि.मी. म्हणजे ३१२ लिटर. टँकमधली घट त्यापेक्षा जास्त असेल तर उरलेलं पाणी कुठेतरी जातंय.

त्याच वेळी फिल्टरच्या खोलीत बॅकवॉशचं पाणी गटारात सोडणाऱ्या पाइपाचं तोंड बघा. फिल्टर साध्या चालण्यावर असताना तिथे थेंबही यायला नको.

हिशोबवही
ते होईपर्यंत दुसरी बाजू. ६४ तास कायमचे क्लबांकडे, हे मला तलावाएवढंच गंभीर वाटतं. त्यातल्या किती तासांना दिवे प्रत्यक्ष लागले? कोर्टनिहाय दिव्यांची नोंद नसेल तर दोन आठवडे पहारेकऱ्याला दर तासाला चार कोर्टांवर खूण करायला सांगा. कायमची नोंदणी हंगामापुरती करा, दर हंगामाला नव्याने अर्ज. ४८ तास आधी रद्द केलं नाही तर पूर्ण आकार. सलग दोनदा आले नाहीत तर तो तास सुट्या खेळाडूंना खुला.

एक नाजूक प्रश्न विचारतो, राग मानू नका: विश्वस्तांपैकी कोणी त्या क्लबांचा पदाधिकारी आहे का?

किल्लीदार
आहे. एका क्लबचे सचिव आमचे विश्वस्तही आहेत. माणूस सज्जन आहे, संस्था उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

हिशोबवही
त्यात शंका नाही, आणि त्यांच्या भल्यासाठीच सांगतो. सवलतीचा विषय येईल तेव्हा त्यांनी हितसंबंध जाहीर करावा, चर्चेला आणि मतदानाला खोलीबाहेर थांबावं, आणि ते गेल्याची व परत आल्याची वेळ इतिवृत्तात लिहावी. नाहीतर योग्य निर्णयावरही पुढे बोट ठेवलं जातं.

आणखी एक. फ्लोअरसाठी म्हणून कोणी देणगी दिलेली असेल तर ती वीजबिलाला वापरता येणार नाही, वेगळी दाखवा. गंगाजळी किमान तीन महिन्यांच्या चालू खर्चाएवढी हवी. करार ९ वर्षांचाच उरलाय, त्यामुळे मोठं अनुदान मागायच्या आधी मुदतवाढीची बोलणी सुरू करा. देणारे उरलेली वर्षं पहिल्यांदा बघतात.

किल्लीदार
रात्रीचं मोजमाप झालं. टँक ४ बाय ३ मीटर. दहा तासांत २१ सेंटीमीटर उतरला, म्हणजे २,५२० लिटर. बादली ३ मि.मी. आणि गटाराच्या पाइपातून पेन्सिलएवढी धार, सतत. दहा लिटरची बादली खाली धरली, चार मिनिटांत भरली.

तळनिळा
सापडलं. बादलीनुसार वाफ सुमारे ९४० लिटर, उरले १,५८०. तुमची धार तासाला १५० लिटर, दहा तासांत १,५००. हिशोब जुळतो. बॅकवॉशच्या व्हॉल्व्हचं सील गेलंय. चोवीस तासांत ३,६०० लिटर तापवलेलं, क्लोरीन घातलेलं पाणी गटारात जातंय. एवढं नवं पाणी प्रत्येक १० अंश तापवायला ४२ युनिट उष्णता लागते. दोन्ही फिल्टरचे व्हॉल्व्ह एकेक बंद करून धार कोणाची ते बघा, सील बदला, आणि बसताना वाळूचा कण खाली अडकला नाही ना ते बोट फिरवून तपासा. बहुतेकदा तोच कण सील कापतो.

रोजचा बॅकवॉश मात्र थांबवा. तुमच्या फिल्टरला एका धुण्याला ७ घनमीटरच्या आसपास लागतं, दोन्हींचे मिळून रोज १४. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक, वाळू स्वच्छ असतानापेक्षा ०.३ ते ०.५ बारने वाढला की करा, नाहीतर आठवड्यातून एकदा. थोडी मळलेली वाळू उलट बारीक कण चांगले धरते.

फळी_रंधा
मग ते सगळं पाणी वाचलं म्हणायचं?

तळनिळा
सगळं नाही, इथेच लोक चुकतात. एका पोहणाऱ्यामागे ३० लिटर ताजं पाणी घालावं लागतं. १८० जणांना ५,४०० लिटर रोज. आजवर ते गळती आणि बॅकवॉशमधून आपोआप होत होतं. आता आठवड्याच्या बॅकवॉशमधून रोज सरासरी फक्त २,००० लिटर मिळतील, उरलेले ३,४०० लिटर मीटरने मोजून मुद्दाम बदला. नाहीतर जोडलेला क्लोरीन (क्लोरामाइनमधला) चढेल. तो मोकळ्या (अजून कशाशी न जोडलेल्या) क्लोरीनच्या निम्म्याहून कमी हवा आणि १ पीपीएमच्या वर कधीच नको. पीएच ७.२ ते ७.६. आणि पोहण्याआधी साबणाची आंघोळ सक्तीची करा, त्याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच रसायनाने पडत नाही.

हिशोबवही
आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असं होता होता वाचलं. सोमवारी दरवाढ ठेवू नका. मुदतवाढ, क्लबांचे नियम आणि पाण्याच्या भरणीवर वेगळा मीटर, एवढं ठेवा. दरवाढीचं तीन महिन्यांनी बघा.

किल्लीदार
पॉलिश पुढे ढकललं. दरवाढ विषयपत्रिकेतून काढली, क्लबांचे नियम घातलेत. सचिवांशी आजच फोनवर बोललो, ते स्वतःहून बाहेर थांबायला तयार आहेत. पाटीवर ‘रोज बॅकवॉश’ खोडून काय लिहू? रात्रपाळीच्या माणसाला एका वाक्यात कळलं पाहिजे.

तळनिळा
‘गेजचा फरक स्वच्छ आकड्यापेक्षा ०.३ बारने वाढला की, नाहीतर रविवारी.’ स्वच्छ आकडा पाटीवरच रंगवा. वहीत धुण्याआधीचा आणि धुतल्यानंतरचा, दोन्ही आकडे लिहायला सांगा. धुतल्यावरही आकडा खाली आला नाही तर वाळू गोळा झालीय, मग फिल्टर उघडावा लागेल.