व्ही'जरच्या पाटीवरची काजळी

'स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर' या १९७९ च्या चित्रपटातील आयलियाच्या भूमिकेसाठी, १९६५ साली मिस इंडिया झालेल्या मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी खरोखरच मुंडण करून घेतले होते, हा या चित्रपटावरच्या चर्चेत आलेला उल्लेख बरोबर आहे. मला भर घालायची आहे ती चित्रपटातील व्ही'जर (V'Ger) या यंत्राच्या नावाबद्दल. पृथ्वीकडे निघालेल्या त्या अवाढव्य यंत्राच्या गाभ्यापाशी पोहोचल्यावर चित्रपटाचा नायक कर्क तिथल्या नावाच्या पाटीवरची काजळी हाताने पुसतो, आणि मधली बुजलेली तीन अक्षरे दिसू लागताच हे तर माणसानेच पाठवलेले 'व्हॉयेजर ६' यान असल्याचे उघड होते. प्रत्यक्षात नासाने व्हॉयेजर याने दोनच सोडली, तीही १९७७ मध्ये. चित्रपट डिसेंबरात प्रदर्शित झाला त्याच वर्षी ती दोन्ही गुरू ग्रहाजवळून गेली असल्याने प्रेक्षकांना हे नाव चांगलेच परिचयाचे असणार.

सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी भाड्याच्या कॅसेटवर हा प्रसंग पाहताना, आईला ही गंमत कळावी म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर VOYAGER हे इंग्रजी स्पेलिंग लिहून मधली OYA ही अक्षरे बोटाने झाकून दाखवली होती (देवनागरीत 'ये' झाकले तर 'व्हॉजर' उरते आणि सगळी कोटीच फसते). त्यावर, "एवढ्या हुशार यंत्राला स्वतःच्या अंगावरची धूळ पुसता येऊ नये?" हा तिने विचारलेला प्रश्न मला आजही या पटकथेवरचा सर्वांत रास्त आक्षेप वाटतो.