युनिबॉडीला गिऱ्हाईक आहे, पण वेगळे

होंडाची रिजलाइन अमेरिकेत टोयोटाच्या टॅकोमाच्या मागेच राहिली, म्हणजे युनिबॉडी (बॉडी आणि सांगाडा एकसंध असलेल्या) पिकअपला मागणीच नाही, असा निष्कर्ष काही जण काढतात, तो पटला नाही. होंडाने ती टॅकोमाच्या आसपासच्या किमतीला विकली. त्या पैशात बरेच जण टॅकोमासारखी चासीवालीच (वेगळ्या सांगाड्यावर बॉडी बसवलेली) घेणार. फोर्डने 2022 ची मॅव्हरिक 19,995 डॉलरपासून, तीही हायब्रिड, आणली तर जानेवारी 2022 मध्येच त्या मॉडेलच्या ऑर्डरी थांबवाव्या लागल्या.

टोइंगचा, म्हणजे ट्रेलर ओढण्याच्या क्षमतेचा आकडा मात्र लोक अर्धाच वाचतात. 2022 च्या मॅव्हरिकला 4,000 पौंड ओढायला टर्बो इंजिन आणि टो पॅकेज लागायचे, नाहीतर 2,000. त्यातही ट्रेलरचे 10 ते 15 टक्के वजन हिचवर (ट्रेलर जोडायच्या आकड्यावर) येते आणि ते पेलोडमधूनच, म्हणजे गाडी स्वतःवर वाहू शकते त्या वजनातूनच, वजा होते. 1,500 पौंडांच्या पेलोडमधून हिचचे 600 (4,000 चे 15 टक्के) गेले, चार माणसांचे 680 गेले, की मागच्या हौद्यात टाकायला उरले 220!

चासीवाल्यांचा खरा गड वेगळाच. त्यांचा हौदा बोल्ट सोडून उतरवता येतो, त्या जागी हत्यारांच्या कपाटांची बॉडी बसते. युनिबॉडीत हौद्याची बाजू सांगाड्याचाच भाग, चेपली तर पत्रा कापून वेल्डिंग. बॉडी बदलून घेणारे कंत्राटदार तिकडे फिरकत नाहीत ते यामुळे.