खान्देशातला कलानिधी: नोंदणीकृत संस्थेला द्यावा की पाड्यावरच्या गटाला?

सातपुडा_पायथा (धागा सुरू करणारे)

कलेसाठी येणारा पैसा सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा) असो, सांस्कृतिक मंत्रालयाचा असो की एखाद्या ट्रस्टचा, तो जळगाव आणि धुळे शहरांतच का जिरतो, यावर नीट बोलायला हवं. निवड समिती पक्षपाती असते असं मला म्हणायचं नाही. समिती बसण्याआधीच कागदांच्या यादीने निवड केलेली असते. नोंदणी प्रमाणपत्र, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब, पॅन, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, आयकर सवलतीच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातला पावरी हे भोपळ्याचं फुंकवाद्य वाजवणारा गट, चाळीसगाव भागातल्या तांड्यावरच्या बंजारा बायका, पारोळ्याकडचं वही गायनाचं (खान्देशी लोकगायनाचं) मंडळ यांच्याकडे यातलं काहीच नसतं. कला मात्र त्यांच्याकडेच आहे.

हिशोबासाठी वर्षाला २० लाखांचा निधी धरा. माझी मांडणी अशी: १२ लाख नोंदणी नसलेल्या गटांना, प्रत्येकी ५० हजार, म्हणजे २४ गट. ६ लाख तीन संस्थांना, प्रत्येकी दोन लाख. उरलेले २ लाख प्रवास, लेखनिक आणि समितीचं मानधन यासाठी.

अर्ज तोंडी. सहा प्रश्न, दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग, अहिराणी, भिली, पावरी, मावची, गोरमाटी कुठल्याही बोलीत. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कुठल्याही भारतीय भाषेतला प्रस्ताव घेते, त्यामुळे हे अशक्य नाही. जिथे नेटवर्क नाही तिथे लेखनिक बाजाराच्या दिवशी जाऊन रेकॉर्ड करेल. त्याला अर्जामागे ठरावीक रक्कम मिळेल, मंजुरीवर टक्केवारी अजिबात नाही. टक्केवारी आली की तो एजंट होतो आणि सगळे अर्ज एकाच साच्यातले येऊ लागतात.

सात जणांच्या समितीत तीन जण स्वतः कलावंत, किमान दोघं भिली किंवा पावरी बोली समजणारे, किमान तीन महिला. आपल्या गावाचा किंवा नात्यातला अर्ज आला की त्या सदस्याने बाहेर जायचं आणि तशी नोंद इतिवृत्तात करायची.

---

रंगकर्मी_जळगाव

तळमळ समजते, वाटप पटत नाही. ५० हजारांत काय होतं ते मांडू. दहा जणांचा गट, पंधरा दिवस तालीम, रोजचे ३०० रुपये धरले तरी ४५ हजार झाले. उरले पाच हजार. त्यात गाडीभाडं, डफाची दुरुस्ती, कपडे. म्हणजे तुम्ही कलेला पैसा दिला नाही, पंधरा दिवसांची मजुरी दिली. पुढच्या वर्षी तो गट जिथे होता तिथेच असणार.

संस्थेकडे तालमीची जागा असते, प्रकाशयोजना जाणणारा माणूस असतो, नवी मुलं शिकतात. राज्य नाट्य स्पर्धेतून पुढे आलेली खान्देशी मुलं अशाच संस्थांमध्ये तयार झाली. दोन अंकी नाटक उभं करायचं तर नाट्यगृहाचं भाडं, नेपथ्य, वाहतूक मिळून दोन लाखही अपुरे पडतात. तुम्ही संस्थांचा वाटा ६ लाखांवर आणून ठेवला. थोडं थोडं सगळ्यांना दिलं की कुणाचंच नीट होत नाही. माझ्या मते २० लाखांतले १४ लाख सात संस्थांना द्या आणि अट घाला: प्रत्येकीने किमान तीन खेळ तालुक्याच्या खालच्या गावात करायचे, आणि एका लोककला गटाला वर्षभर सोबत घ्यायचं.

शिवाय ज्येष्ठ लोककलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहेच. पन्नाशी ओलांडलेल्यांना २०२४ पासून महिना ५,००० रुपये.

---

सातपुडा_पायथा

ते मानधन व्यक्तीला आहे, वयाची आणि उत्पन्नाची अट लावून. वर्षाला एका जिल्ह्यातून जास्तीत जास्त १०० जण. तिशीतल्या ढोलवाल्याला किंवा अख्ख्या मंडळाला त्याचा काही उपयोग नाही.

आणि "लोककला गटाला सोबत घ्या" ही अट कागदावर फार सोपी पूर्ण होते. उद्घाटनाला दहा मिनिटं ढोल, अहवालात एक फोटो. गटाच्या खात्यात किती आले हे कुणी विचारत नाही. ही अट ठेवायचीच असेल तर संस्थेच्या अंदाजपत्रकात गटाचा आकडा स्वतंत्र ओळीत हवा आणि ती रक्कम थेट त्यांच्या खात्यात गेल्याचा पुरावा हवा.

---

हिशोबनीस_धुळे

दोघांनीही कायद्याची बाजू सोडली आहे. ट्रस्टने एका माणसाला एका दिवसात १० हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च आयकरात ग्राह्य धरत नाहीत. सीएसआरचा पैसा असेल तर तो राबवणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात पारंपरिक कला आहेत, त्यामुळे विषयाची अडचण नाही. अडचण पैसा पोचवण्याच्या वाटेची आहे. केंद्राचा पैसा असेल तर जीएफआर (सरकारी वित्तीय नियम) १२-ए नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र लागतं, आणि त्यावर सही करायला कुणीतरी जबाबदार संस्था हवी.

म्हणून मधली वाट: यजमान संस्था. तिची कागदपत्रं पूर्ण, तिने हिशोब ठेवायचा, त्याबद्दल फार तर ७ टक्के घ्यायचे. पैसे संस्थेने गटाच्या म्होरक्याला द्यायचे नाहीत. प्रत्येक कलावंताच्या खात्यात वेगवेगळे टाकायचे.

इथे एक खड्डा आहे. पुरेशा कागदांशिवाय उघडलेली "लहान खाती" असतात. त्यात वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा होत नाही, शिल्लक ५० हजारांच्या वर जात नाही आणि महिन्याला १० हजारांपेक्षा जास्त काढता येत नाहीत. गटाचे ४० हजार अशा एका खात्यात टाकले तर पुढचे चार महिने ते तिथेच अडकतात. त्यामुळे मंजुरीपत्र देण्याआधी पासबुकाची झेरॉक्स घ्या, खात्याचा प्रकार शाखेत विचारा आणि गरज असेल तर केवायसी पूर्ण करून घ्या.

धडगाव किंवा मोलगीच्या बाजारातून चामडं, मेण, घुंगरू घेतलं तर पक्कं बिल मिळत नाही. तिथे व्हाउचर चालतं: विकणाऱ्याचं नाव, गाव, वस्तू, रक्कम, सही किंवा अंगठा, आणि एक साक्षीदार. ५ हजारांवरच्या रोख पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प. हे आधी समजावून सांगितलं नाही तर शेवटी कुणीतरी शहरातल्या दुकानातून खोटं बिल आणतं, आणि खरा खर्च केलेला गट लेखापरीक्षणात दोषी ठरतो.

---

अक्राणी_महाल

तुम्ही तिघंही एकच गोष्ट गृहीत धरून बोलताय: निधी म्हणजे कार्यक्रम. आमच्याकडे तसं नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावच्या होळीला माणसं बावा आणि बुध्या होतात ती मानतेने, म्हणजे नवसाने होतात. त्याआधी पालनी (व्रताचे नियम) पाळतात, खाटेवर बसत नाहीत, पायात चप्पल घालत नाहीत. अंगावर राख, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू, हे सगळं त्या व्रताचं आहे. त्याच माणसाला ऑगस्टमध्ये शहराच्या स्टेजवर तो वेष करून बोलावता आणि त्याला समाजाचा सहभाग म्हणता. ५० हजार दिले म्हणून हे योग्य ठरत नाही, उलट गावात भांडण लागतं की व्रत कुणी विकलं.

डोंगऱ्या देवाचंही तेच. विधी आहे, प्रयोग नाही.

द्यायचंच असेल तर शिकवण्याला आणि घडवण्याला द्या. पावरी बनवायला वाळलेला भोपळा, बांबू, मेण लागतं. ते महाग नाही. महाग आहे ते बनवणाऱ्याचा वेळ. तो मजुरीला गेला की शिकणारा पोरगा कुणाजवळ बसणार? केंद्र सरकारच्या विभागीय सांस्कृतिक केंद्रांच्या गुरू-शिष्य योजनेत गुरूला महिना ७,५००, साथीदाराला ३,७५० आणि शिष्याला १,५०० रुपये असा हिशोब आहे. आकडे लहान आहेत, पण धोरण बरोबर आहे: पैसा महिन्याचा, आणि दाखवण्यासाठी नाही. आणि कुठली गोष्ट गावाबाहेर न्यायची, कुठली नाही, हे ग्रामसभेने ठरवावं. आमच्याकडे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आहे, त्याचा अर्थ तोच आहे.

---

अमळनेरकरीण

अक्राणी भाऊ, तुमनं म्हननं खरं शे. पण ग्रामसभेत बोलतं कोण, हेही बघा. वही गायन घ्या, डफ घ्या, म्होरके सगळे पुरुष. बायकांचं गाणं कानबाई देवीच्या रात्री, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) झोक्यावर, लग्नातल्या हळदीला. त्याला कुणी "गट" म्हणत नाही, म्हणून अर्जही येत नाही. नियमात "महिलांना प्राधान्य" लिहिलं की पुरुषांच्या मंडळाच्या यादीत दोन बायकांची नावं घुसतात, एवढंच.

याला उपाय आहेत, पण खर्चाचे आहेत. एक, गट पाच बायकांचाही चालेल, सादरीकरणाचा अनुभव मागायचा नाही. दोन, तालमीची वेळ दुपारी दोन ते चार, कापूस वेचणीच्या महिन्यांत तालीमच नाही. तीन, लहान मूल सांभाळायला एका बाईची मजुरी अंदाजपत्रकात स्वतंत्र धरायची. चार, रात्री परतायची गाडी आयोजकाने करायची, एसटीच्या भरवशावर ठेवायचं नाही. यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या ओळीला पहिली कात्री लागते, आणि मग बायका आल्या नाहीत असा अहवाल लिहिला जातो.

रेकॉर्डिंगचंही सांगते. कानबाईची गाणी मोबाइलवर घेतली आणि यूट्यूबवर टाकली असं नको. संमती लेखी आणि तोंडी, दोन्ही हवी. आधी ऐकवा, मग विचारा.

---

रंगकर्मी_जळगाव

अक्राणी यांचा मुद्दा मान्य. विधीला निधीच्या चौकटीत आणू नये. पण मग उरतं काय? शिकवणं, बनवणं आणि नवी निर्मिती. नवी निर्मिती संस्थेशिवाय होत नाही यावर मी ठाम आहे. अहिराणीत नवं नाटक हवं असेल तर लेखकाला सहा महिने द्यावे लागतात, दिग्दर्शक लागतो. ते ५० हजारांच्या पाकिटात बसत नाही.

दुसरं, विविधता म्हणजे सगळा पैसा नंदुरबारला असा अर्थ व्हायला नको.

---

सातपुडा_पायथा

तसा अर्थ होतच नाही. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारमध्ये आदिवासी ६९ टक्के, धुळ्यात ३२ च्या आसपास, जळगावात १४. टक्केवारी बघून जळगाव सुटतं. पण माणसं मोजा: जळगाव जिल्ह्यात सुमारे ६ लाख आदिवासी आहेत, धुळ्यात साडेसहा लाखांच्या आत. चोपडा, यावल, रावेरमधले पावरा आणि तडवी जळगावच्या "सांस्कृतिक" यादीत दिसतच नाहीत. तिन्ही जिल्हे मिळून आदिवासी साधारण ३० टक्के आहेत. निधीत त्यांचा वाटा त्याखाली जाऊ नये, एवढी किमान रेघ मला हवी. बंजारा, लेवा, गुजर, बौद्ध वस्त्यांमधलं शाहिरी गायन हे त्याशिवाय.

इथल्या आक्षेपांनंतर वाटप बदलतो. १२ लाखांचे दोन भाग: ७ लाख शिकवणं आणि वाद्य बनवण्यासाठी, महिन्याच्या हप्त्याने, सात ठिकाणी, प्रत्येकी १ लाख. ५ लाख लहान गटांसाठी, दहा गट. संस्थांचे ६ लाख तसेच, पण तीनऐवजी दोघींना तीन-तीन लाख, आणि त्यातली एक निर्मिती अहिराणी किंवा आदिवासी बोलीतली. गट चोवीसचे सतरा झाले, पण प्रत्येकाचं काम पूर्ण होण्याची शक्यता वाढली.

आता वेळापत्रक, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. दिवाळीनंतर नंदुरबार आणि धुळ्यातली हजारो कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात. जानेवारीत अर्ज मागवले तर पाडे रिकामे असतात. ३१ मार्च जवळ आला म्हणून मार्चमध्ये पैसे सोडले तर होळी होऊन गेलेली असते. त्यामुळे अर्ज पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत, निवड दिवाळीआधी, शिकवण्याचे पैसे महिन्याने, बाकीच्यांना पहिला ७० टक्क्यांचा हप्ता दिवाळीपूर्वी खात्यात. २० टक्के मधल्या भेटीनंतर, १० टक्के हिशोब आल्यावर. शेवटचा हप्ता मोठा ठेवला की गट सावकाराकडे जातो.

---

हिशोबनीस_धुळे

७० टक्के आगाऊ दिल्यावर देणारे घाबरतील, पण त्याला तोड आहे. सीएसआरमध्ये प्रकल्प "चालू प्रकल्प" म्हणून मंजूर केला तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन आर्थिक वर्षं मिळतात. न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायची. मग ३१ मार्चची घाई उरत नाही. संचालक मंडळाच्या ठरावात हा शब्द सुरुवातीलाच असलेला बरा, नाहीतर नंतर मंडळाला योग्य कारण देऊन मुदत वाढवावी लागते.

एजंट ओळखायचा तर तीन खुणा बघा: अनेक अर्जांवर एकच मोबाइल, एकसारखा खर्चाचा तक्ता, आणि म्होरक्या सोडून कुणालाच रक्कम माहीत नसणं. निवडीआधी गटातल्या कुठल्याही तिघांना स्वतंत्र फोन करा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना बाजारात गाठा.

---

अक्राणी_महाल

ग्रामपंचायतीच्या ५ टक्के पेसा निधीतून भागवा असं कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. तो पैसा पायाभूत सुविधा, पेसा आणि वनहक्काची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण, आणि वन-जलसंधारण अशा कामांसाठी आहे. पाण्याच्या टाकीचा पैसा ढोलाला लावायला कुठलीही ग्रामसभा तयार होणार नाही, आणि होऊही नये.

शिकवण्याची सात ठिकाणं मान्य. त्यातलं एक तरी आश्रमशाळेत ठेवा. तिथे तळोदा, नंदुरबार, धुळे किंवा यावलच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची लेखी परवानगी लागते, ती जूनमध्येच मागा. मुलं होळीला घरी जातात तेव्हा शिकलेलं त्यांच्यासोबत पाड्यावर जातं. आणि शिकवणाऱ्याला "साधन व्यक्ती" म्हणून तासिकेचे पैसे द्या, पाहुण्या शिक्षकाइतके. शाल-श्रीफळ नको.

---

रंगकर्मी_जळगाव

तीन लाखांच्या दोन निर्मितींवर अजून माझी हरकत आहे, संस्था दोनच उरतात. पण बोलीची अट ठेवायची असेल तर ती लेखनापासून ठेवा. प्रमाण मराठीत लिहून शेवटच्या आठवड्यात अहिराणीत फिरवलेली संहिता पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येते. अर्जासोबत त्या बोलीतली दहा पानं मागा आणि ती बोली घरात बोलणाऱ्या दोघांना मोठ्याने वाचायला लावा.