रिओ ग्रँड सदर्न: 'गूस'ने ही रेल्वे तगवली की फरफटत नेली?

रुळवेडा: अमेरिकेतल्या कोलोरॅडोतली ही 3 फुटी गेजची (दोन रुळांमधलं अंतर 3 फूट) लाइन, रिजवे ते दुरँगो 162 मैल. ऑटो मिअर्सने 1891 अखेर पुरी केली. 1893 मध्ये अमेरिकी सरकारने चांदीची खरेदी थांबवली, या लाइनला माल पुरवणाऱ्या चांदीच्या खाणी बसल्या आणि त्याच वर्षी रेल्वेही बुडाली. तरी ती 1951 पर्यंत धावली. शेवटची वीस वर्षं मिळाली ती 'गॅलपिंग गूस'मुळेच, असं माझं ठाम मत आहे. 1931 पासून रिजवेच्या वर्कशॉपात जुन्या ब्यूइक, पिअर्स-ॲरो मोटारींपासून रुळांवर धावणाऱ्या सात मोटारी बांधल्या, त्याच या गूस. पुढे मोटारीची बॉडी, मागे टपाल आणि सामानाचा बंद डबा. वाफेच्या गाडीला ड्रायव्हर, फायरमन, कंडक्टर, ब्रेक्समन आणि वर कोळसा लागायचा. इथे एक माणूस आणि पेट्रोल. टपालाचं कंत्राट टिकलं ते एवढ्यावर.

घाटरस्ता: टपालावर गाडी चालते, रेल्वे नाही चालत. लिझार्ड हेडची खिंड 10,200 फुटांच्या वर, चढ 25 ला 1, म्हणजे 25 फुटांमागे 1 फूट. वाटेतल्या ऑफिरला उंची गाठायला लाकडी पुलांवरून मोठा वळसा. लाकूड कुजतं, बर्फ वितळला की भराव सरकतो. दरवर्षी रुळांखाली नवे स्लीपर (आडवे लाकडी ओंडके) हवेतच. गूस हलकी, खराब रुळांवरूनही डुलत निघून जायची, म्हणून दुरुस्तीची निकड कुणाला भासली नाही. मग मेंढ्यांच्या वाघिणी (मालडबे) ओढायला वाफेचं इंजिन आणलं की रूळ दबायचे आणि चाकं घसरायची.

रुळवेडा: क्रम उलटा लावताय. 1929 मध्येच कंपनी रिसीव्हरच्या (बुडीत कंपनी चालवायला कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात गेली होती, पहिली गूस त्यानंतर दोन वर्षांनी आली. दुरुस्ती थांबली ती पैसा नव्हता म्हणून.

बोगीबाबा: गूसला वाघिणी ओढता येत नव्हत्या, हे दोघांनीही सोडलंत. मोठ्या गूसमध्ये इंजिनाची ताकद मधल्या बोगीला (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याला), तिचे दोन आस साखळीने जोडलेले. चाकांवर वजन कमी, त्यामुळे ओल्या चढावर पकड सुटायची. इंजिन तापायचं म्हणून बॉनेटचे पत्रे उघडे ठेवत, ते पंखांसारखे दिसत. दुसऱ्या महायुद्धात व्हॅनेडियम या धातूचं खनिज याच लाइनने गेलं, त्यातलं युरेनियम अणुबॉम्ब बनवणाऱ्या मॅनहॅटन प्रकल्पाला मिळालं. तो माल वाफेच्या इंजिनांनीच ओढला. म्हणजे युद्धाच्या वर्षांचं श्रेय गूसला देता येणार नाही.

रुळवेडा: युद्धाचं मान्य. पण 1931 ते 1941 कुणी तारलं? लाइन तेव्हाच उखडली असती तर ते खनिज न्यायला रूळच नसते.

घाटरस्ता: हा मुद्दा पटला. तरी 1950 मध्ये टपाल रस्त्याने जाऊ लागलं, आणि गूसला मोठ्या खिडक्या बसवून पर्यटक नेऊनही दीड वर्षात सगळं संपलं. 162 मैलांचे पूल आणि भराव तिकिटांच्या पैशातून राखता येत नाहीत. मालवाहतूक ट्रकांकडे गेली त्या दिवशीच ही लाइन गेली.