हाँगकाँगचे दोन सिंह: बँकेच्या युद्धकाळातल्या स्थलांतराचं स्मारक म्हणून एवढं पुरे आहे का?

पाऊसवाट:
हाँगकाँगला सेंट्रल भागात एचएसबीसी (हाँगकाँग-शांघाय बँक) हिच्या मुख्य इमारतीपुढे ब्राँझचे दोन सिंह आहेत. डरकाळी फोडतोय तो स्टीफन, तोंड मिटून बसलाय तो स्टिट. बँकेच्या दोन जुन्या व्यवस्थापकांची ही नावं. शिल्पकार वॅगस्टाफ, साल 1935. गेल्या महिन्यात मी तिथे अर्धा तास उभा होतो. माणसं येतात, पंजावरून हात फिरवतात (नशीब उघडतं म्हणे), फोटो काढतात आणि जातात. स्टीफनच्या मागच्या अंगावर युद्धातल्या छर्ऱ्यांचे व्रण आहेत, त्यांच्याकडे वळून बघणारं कोणी दिसलं नाही.

8 डिसेंबर 1941 ला जपानने हल्ला केला आणि 25 तारखेला, ऐन नाताळात, हाँगकाँग पडलं. बँकेचं मुख्यालय लंडनला गेलं आणि तिथल्या आर्थर मोर्स यांनी सूत्रं हाती घेतली. मुख्य व्यवस्थापक व्हँडलर ग्रेबर्न मात्र हाँगकाँगातच अडकले आणि ऑगस्ट 1943 मध्ये स्टॅन्लीच्या तुरुंगात वारले. नजरकैदेतल्या लोकांना चोरून पैसे पोचवले, हा त्यांचा गुन्हा. इतर अधिकाऱ्यांना एका हलक्या हॉटेलात ठेवलं होतं. तिथून रोज पहाऱ्यात चालवत बँकेत नेत आणि त्यांचीच बँक गुंडाळण्याचं काम त्यांच्याकडून करून घेत.

कारभार समुद्रापार गेला आणि माणसं मागे राहिली. माझ्या मते यासाठी चौकात वेगळं शिल्प हवं. पहाऱ्यात चालणारी ती रांग, माणसाच्या उंचीची, चौथऱ्याशिवाय, फरशीवरच. तुम्हाला काय वाटतं?

जुनी नाणी:
असहमत. सिंहांची स्वतःचीच गोष्ट तुम्ही अर्धी सोडलीत. जपान्यांनी त्यांना वितळवायला जपानला नेलं होतं. युद्ध संपल्यावर ओसाकाच्या गोदीत एका अमेरिकन खलाशाने ते ओळखले आणि ऑक्टोबर 1946 मध्ये ते परत आले. मुख्यालयही त्याच वर्षी लंडनहून हाँगकाँगला परतलं. बँक परागंदा झाली तशी ही जोडीही झाली, आणि परतली. त्या स्थलांतराचं याहून खरं शिल्प कोणता कलाकार घडवणार? ठरवून घडवलेल्या स्मारकात कलाकाराचं मत असतं. इथे गोळीने स्वतः लिहून ठेवलंय.

बँकेच्या नोटांवरही सिंहाचं तोंड आहे. माझ्या संग्रहात आहेत त्या. रोज लाखो हातांतून फिरणारं स्मारक आहे हे.

पाऊसवाट:
पण वाचता न येणारं लिखाण काय कामाचं? मी उभा होतो तेव्हा एका लहान मुलीने आईला विचारलं, 'याला भोकं का पडली?' आई म्हणाली, 'जुना झालाय.' मराठी कुटुंब होतं, म्हणून कळलं मला.

घाटमाथा:
दोघेही बँकेच्याच बाजूने बोलताय. मला प्रश्न पडतो तो नोटा बाळगणाऱ्यांचा.

बँकेच्या तिजोरीत छापून तयार, पण चलनात न आलेल्या नोटा होत्या. जपान्यांनी त्यांवर अधिकाऱ्यांकडून बळजबरीने सह्या करून घेतल्या आणि त्या बाजारात आणल्या. सुमारे 11.9 कोटी हाँगकाँग डॉलरच्या या जबरीच्या नोटा. 1946 मध्ये बँकेने त्या आपल्याच मानल्या. त्यातून पत टिकली, हाँगकाँगचा व्यापार पुन्हा उभा राहिला. हे मोठंच काम, मी नाकारत नाही. पण त्या नोटा मधल्या काळात कमी भावाने जात होत्या. ज्यांनी त्या गोळा करून ठेवल्या ते सुटले.

आणि सामान्य माणूस? त्याला डॉलर देऊन लष्करी येन, म्हणजे जपानी सैन्याचं चलन, घ्यायला भाग पाडलं. आधी दोन डॉलरला एक येन, जुलै 1942 पासून चार डॉलरला एक. जून 1943 पासून तर घरात डॉलर सापडला तरी गुन्हा. जपान हरलं आणि घरोघरच्या त्या येनची रद्दी झाली. लोकांनी टोकियोच्या कोर्टात दावा लावला, तो 1999 मध्ये फेटाळला गेला. ज्यांनी मुलीच्या लग्नाचे, दुकानाच्या भांडवलाचे पैसे असे घालवले, त्यांची रांग तुमच्या त्या रांगेपेक्षा कितीतरी लांब भरेल. शिल्प करायचंच तर त्यांचं करा.

तेरेखोल:
थोडं वेगळं. लंडनच्या बँकांचं धनादेश वटवायचं काम 1939 मध्ये बॉम्बच्या भीतीने स्टॅफर्डशायरमधल्या ट्रेंटहॅमला हलवलं होतं. चक्क बागेतल्या नाचाच्या दिवाणखान्यात! ज्या लाकडी फरशीवर जोडपी नाचायची तिथे टेबलं मांडून देशभरातल्या धनादेशांचा हिशेब लागायचा. मी वीस वर्षं बँकेत क्लिअरिंगला होतो. एका दिवसाची गठ्ठ्यांची जुळणी चुकली तर काय होतं ते मला माहीत आहे. युद्धात ती रोज जुळवणाऱ्या कारकुनांचं कोणी शिल्प उभारलं तर मी स्वतः जाऊन हार घालीन. त्यामुळे पाऊसवाट, रांगेची कल्पना मला पटली.

नारळीबाग:
मी हाँगकाँगला आठ वर्षं राहते, रोज ट्रामने त्या सिंहांवरून जाते. 1 जानेवारी 2020 ला मोर्चाच्या वेळी त्यांच्यावर लाल रंग ओतला, आग लावली. त्यानंतर कित्येक महिने ते झाकलेले होते. दुरुस्ती होऊन ऑक्टोबरमध्ये पुन्हा दिसले आणि माझ्या शेजारच्या आजी मुद्दाम बघायला गेल्या. युद्धाचे व्रण तसेच आहेत ना, एवढंच त्यांनी पाहिलं. त्या पाच वर्षांच्या असताना शहर पडलं होतं. म्हणजे वाचणारे आहेत, पण आता थोडे उरलेत.

नवं शिल्प मला नको. समोरच्या चौकात बँकेच्याच टॉमस जॅक्सनचा पुतळा आहे (तोही जपानला जाऊन आलेला), पलीकडे युद्धस्मारक आहे. त्या लढाईत आपली राजपूत आणि पंजाब पलटणही होती, त्यांची नावं बघायला साई वानच्या युद्ध-दफनभूमीपर्यंत जावं लागतं. तिथे गर्दी नसते. घाटमाथा म्हणतात ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एका जबरीच्या नोटेचा आणि एका लष्करी येनचा ब्राँझचा ठसा, शेजारी शेजारी, स्टीफनच्या पायाशी फरशीत बसवावा. चिनी आणि इंग्रजीत चार ओळी. त्या मुलीच्या आईला वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरात.

जुनी नाणी:
फरशीत नको, लोक तुडवतील. बाकी हरकत नाही.

पाऊसवाट:
फरशीतच हवा. खाली वाकून वाचायला लागेल आणि वर बघितलं की व्रण अगदी डोळ्यांसमोर येतील. रांगेचा हट्ट मात्र मी अजून सोडलेला नाही. घाटमाथा, त्या रांगेत येनचं गाठोडं घेतलेली एक बाई चालत असेल तर?

घाटमाथा:
ती सगळ्यांच्या पुढे हवी.