साधा थकवा की बर्नआउट?

प्रश्न: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर १२ तासांची पाळी करणाऱ्यांनी हा फरक ओळखायचा कसा?

उत्तर १: सुट्टीत पोटभर झोपल्यावर उतरतो तो थकवा. बर्नआउट म्हणजे कामाच्या सततच्या ताणानं आलेलं खचलेपण, ते एका झोपेनं उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याच्या तीन खुणा मांडल्या: त्राण संपणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि हातून नीट काम होत नाही असं वाटणं.

उत्तर २: शरीर आधी सांगतं हो! झोप तुटते, मान आखडते, पित्त उसळतं, बीपी चढतं. दोन आठवडे वहीत लिहा: झोपेचे तास, चहाचे कप, डोकेदुखी. झोपेआधी सहा तास चहा बंद. तंबाखूनं तरतरी वाटते, पण नाडी आणि बीपी वाढतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडूनही डोकं दुखतं, तेही पाहा.

उत्तर ३: सगळंच ताणावर ढकलू नका. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर तपासा. त्यांच्या बिघाडातही असाच गळाठा येतो. उदासी दोन आठवडे टिकली तर डॉक्टर गाठा. जगणं नकोसं वाटलं तर थांबूच नका, टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ लगेच लावा. मोफत आहे, २४ तास, मराठीत बोलता येतं.